पिंट्याच्या पाठीवरचा खटका

आमच्या शाळेतली निम्मी मुलं बोलत नसत. त्यामुळं बोलण्याचं सगळं काम आम्हा मोठ्यांवर पडायचं, आणि ते आम्ही मनापासून केलं. मुलं घरी गेली की चहाचा कप हातात घेऊन कुणीतरी म्हणायचं, "आज काय झालं माहितीय का?" किस्से असे घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखे साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. त्यातल्या बऱ्याच बरण्यांची झाकणं आता सापडत नाहीत. पिंट्याच्या तेवढ्या मी पुसूनबिसून ठेवल्या आहेत.

शाळा म्हणजे सांगलीत विश्रामबागला एका बंगल्याचा खालचा मजला. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. 'स्वमग्न' हा शब्द आम्हीच नुकता शिकलो होतो. पालक येताना 'हट्टी आहे', 'ऐकू येत नसावं', 'बाहेरचं काहीतरी असेल' असं काहीबाही ऐकून आलेले असायचे. मी तिथं शिकवायची. रीतसर प्रशिक्षण काही नाही. मिळतील ती पुस्तकं वाचत आणि मुलांशेजारी बसत शिकले. मदतीला हौसा मावशी. आणि कांबळे सर, ज्यांचा भाचा आमच्याकडं होता. सर एका तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे आणि तिथून सुटले की आमच्याकडं यायचे.

सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की परदेशात काही लोक अशा मुलांसमोर माणसासारखं दिसणारं यंत्र ठेवून बघतायत. माणसाचा चेहरा सारखा बदलतो. आत्ता हसला, आत्ता भुवया चढल्या. या मुलांना ते सगळं एकदम अंगावर आल्यासारखं होतं, म्हणून ती बघतच नाहीत. यंत्राचा चेहरा मात्र काल होता तसाच आज.

सर म्हणाले, "आपण करू की."

एकदा 'करू की' म्हटलं की आपल्याकडं पुढचं सगळं भंगारवाल्याकडं मिळतं. मान फिरवायला आणि उजवा हात वर करायला गाड्यांच्या वायपरच्या मोटारी. पोटात टेपरेकॉर्डर. डोळ्यांत दोन बारीक दिवे. आणि अंग म्हणजे शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानातला जुना पुतळा, दुसरीतल्या मुलाएवढा. पाठीवर एक मोठा लाल खटका. तो दाबला की 'टक्' असा आवाज यायचा, मग डोळ्यांतले दिवे लागायचे, मान फिरायची, हात वर यायचा आणि बोलणं सुरू व्हायचं. खटका मुलांच्या हाताला येईल इतक्याच उंचीवर बसवला होता, कारण सरांचा एक नियम होता. चालू करायचं ते मुलांनीच आणि बंद करायचं तेही मुलांनीच. मोठ्यांनी हात लावायचा नाही.

सरांनी कागदावर त्याचं नाव 'यंत्रमानव' असं लिहिलं होतं. हौसा मावशी त्याला सदरा घालताना म्हणाली, "ए पिंट्या, हात वर कर," आणि बारसं झालं.

*

पुतळा दुकानातून आणायचा तर तो ताठ, बसेना. सरांनी त्याला स्कूटरवर पुढं पायांपाशी उभा केला, आपण लहान पोरांना करतो तसा, आणि पडू नये म्हणून हँडलला दोरीनं बांधला. अंगावर गणवेश होताच.

चौकात हवालदारांनी शिट्टी मारली. पोराला बांधलंय कशाला, म्हणून विचारलं. सर म्हणाले, पडू नये म्हणून. कुठं नेताय? शाळेत.

भर दुपारचं ऊन. हवालदारांनी डोळ्यांवर हात धरून पिंट्याच्या तोंडाकडं थोडा वेळ बघितलं. मग सुस्कारा सोडून दोरीची गाठ जरा सैल केली आणि म्हणाले, "जावा. माजं बी शाळंला जाताना असंच ताठतंय."

*

पहिली कॅसेट सरांनी फार मेहनतीनं भरली होती. अगदी आकाशवाणीच्या निवेदकासारखा आवाज. "नमस्कार. आपले नाव काय? आपण कोणत्या गावचे? आपणांस काय आवडते?" प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरासाठी जागा सोडलेली. आणि शेवटाला आलं की पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी पिंट्यानं विचारलं आणि एकाही मुलानं मान वर केली नाही. सर हिरमुसले. भिंतीकडेला एका मुलाचे आजोबा बसले होते. जतकडचे, खांद्यावर घोंगडं. हयात मेंढरांमागं गेलेली, आता थोडी शेती. एवढा गणवेश घातलेला कुणीतरी विचारतोय आणि कुणीच उत्तर देत नाही, हे त्यांना बरं वाटेना. ते उठले, पिंट्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं, काय आवडतं म्हटल्यावर थोडा विचार करून 'पाऊस' असं सांगितलं.

पिंट्यानं विचारलं, "आपले नाव काय?"

आजोबांनी पुन्हा सगळं सांगितलं, जरा मोठ्यानं. तिसऱ्या खेपेला घोंगडं सावरत माझ्याकडं वळले. "बाई, ह्येला लिवून द्या. कानानं कमी हाय." दोन पावलं गेले आणि परत फिरून म्हणाले, "पन मानूस चांगला हाय. इतक्यांदा इचारलं, पन एकदा बी तापला न्हाई."

सर हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मासिकातला सगळा लेख आजोबांनी एका वाक्यात सांगून टाकला होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी घरी बोलतात तशा बोलीत नव्या कॅसेटी भरल्या, प्रत्येक मुलाच्या नावाची वेगळी, त्याची पाळी आली की घालायची. त्यातली एक होती, "पूनम, जेवलीस का?"

*

पूनम मेढ्याची. सहा-सात वर्षांची, सारखी एका लयीत पुढं-मागं झुलणारी. तिची आई शोभा तिला घेऊन विश्रामबागेत भावाकडं येऊन राहिली होती. मेढ्याला नवरा, सासू-सासरे, डोंगरउताराची शेती. सगळ्यांनी मिळून तिला एक मुदत दिलेली, पुढच्या चैत्रातल्या गावच्या यात्रेपर्यंत. तोवर पोरीत काही फरक दिसला तर ठीक, नाहीतर दोघींनी गुमान घरी यायचं.

फरक म्हणजे काय, असं मी शोभाला विचारलं होतं. तिनं फार काही मागितलं नाही. "हाक मारली की एकदा माज्या तोंडाकडं बघावं. बोललं न्हाई तरी चालंल."

पिंट्याचा खटका स्वतःहून दाबणारी पहिली मुलगी पूनम. 'टक्' झालं, पिंट्यानं मान वळवली, "पूनम, जेवलीस का?" म्हणाला, आणि पूनम झुलायची थांबली. सरळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. कांबळे सर आनंदानं बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसून आले.

शोभाही आधी हसली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं.

*

सरांचं म्हणणं होतं की पिंट्याकडून आपणही शिकावं. मुलांशी बोलताना चेहरा शांत ठेवावा, एकच वाक्य एकाच सुरात म्हणावं, हात उगाच हलवू नयेत. आम्ही दिवसभर तसं करायला लागलो. हौसा मावशीला फार जड गेलं. तिचं बोलणं निम्मं हातांतच होतं, म्हणून ती हात पदरात गुंडाळून बोलायची.

मला ते इतकं जमलं की घरीही सुटेना. एकदा जेवताना मी ह्यांना त्याच शांत चेहऱ्यानं, त्याच सुरात विचारलं, "आणखी भाकरी हवी का?" हे घास हातात धरून थांबले. जेवण झाल्यावर आपलं ताट स्वतः घासलं, माझंही घासलं, आणि मग दाराशी उभं राहून हळूच म्हणाले, "काय चुकलं असेल ते एकदा सांगून टाक."

*

सांगलीत वीज जायची ती न सांगता जायची. पिंट्या जिथं असेल तिथं थांबायचा. एकदा मुलांना 'हात वर' शिकवत होतो. पिंट्यानं हात उचलला, मुलांनी उचलला आणि अर्ध्यात वीज गेली. पिंट्याचा हात छातीपाशी अडकला. मुलांचेही तिथंच. आमची मुलं नियमाला पक्की. पिंट्यानं हात खाली घेतल्याशिवाय खाली घ्यायचा नाही, हे ती शिकली होती.

नेमके त्याच वेळी तपासणीचे साहेब दारात. सगळा वर्ग अर्धा हात वर करून गप्प बसलेला. साहेबांनी पाच मिनिटं वाट बघितली. शेवटी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, एकेकाला जाऊन यायची परवानगी देऊन टाका. मुलं केव्हाची थांबलीयत."

त्यानंतर आष्ट्याच्या एका पालकांनी ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणून दिली. वीज गेली तरी पिंट्या चालायचा. फक्त बॅटरी उतरत आली की टेप मंद व्हायची आणि पिंट्याचा आवाज जाड, लांबट होत जायचा. "पूऽऽनम... जेऽऽवलीस..." हौसा मावशी झाडू टेकवून म्हणायची, "सर, आज ह्यो लावून आलाय."

गंमत मुलांची. त्यांना तो आवाजही चालायचा. माणूस दमला तर त्यांना कळत नसे, पण पिंट्या दमला की ती त्याच्या जवळ सरकून बसायची.

*

पिंट्याला बघायला बाहेरची माणसं येऊ लागली. त्याला नजर लागेल म्हणून हौसा मावशीनं एक दिवस त्याच्या गालावर काजळाची ठसठशीत तीट लावली.

पूनम आली. खटक्याकडं गेलीच नाही. पिंट्यासमोर उभी राहून त्याच्या गालाकडं बघत राहिली, तिचा श्वास जोरात चालू झाला. आता रडणार असं वाटलं, तेवढ्यात तिनं फ्रॉकचं टोक उचललं आणि तीट पुसली. सगळी जाईपर्यंत पुसली. मग मागं जाऊन शांतपणे खटका दाबला. टक्.

त्याच्या चेहऱ्यावरचा एवढासा बदलही तिला खपत नाही म्हणून आम्ही सगळे कौतुक करत होतो. शोभा दाराशी उभी होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या स्वतःच्या गालावर काजळाचा मोठा डाग होता. ती पूनमसमोर बसली, हाक मारली, तोंड जवळ नेलं. पूनम तिच्या खांद्यावरून पिंट्याकडं बघत होती. शाळा सुटेपर्यंत तो डाग तसाच राहिला. मग जाताना शोभानंच पदरानं पुसला.

*

त्याच आठवड्यात तिनं कांबळे सरांना गाठलं. आवाज चढवला नाही, पण मी तिथं होते आणि मला जागेवरून उठायचा धीर झाला नाही.

"सर, त्याच्यात काय हाय जे माज्यात न्हाई?"

सर सरळ माणूस. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची सवय. म्हणाले, "दोन वायपरच्या मोटारी, एक टेपरेकॉर्डर..." आणि मग तिच्या तोंडाकडं बघून थांबले. चष्मा काढून पुसला.

"शोभाताई," ते म्हणाले, "त्याच्यात काय नाही ते बघा. त्याला तुमच्यासारखी काळजी नाही. तुम्ही तिला हाक मारता तेव्हा तुमच्या तोंडावर सतरा गोष्टी असतात. ती बघेल का, नाही बघितलं तर, घरचे काय म्हणतील. तिला ते सगळं एकदम दिसतं. म्हणून ती पिंट्याकडं बघते. तो फक्त जेवलीस का एवढंच विचारतो."

शोभानं ऐकून घेतलं. "म्हंजे मी मशीन व्हायाचं."

"थोडा वेळ," सर म्हणाले.

पुढं काय झालं ते तिच्या भावजयीकडून कळलं. ती आमच्याकडं आली तीच घाबरून. तिची नणंद रोज कामं आटोपली की आरशासमोर ताठ उभी राहते, मान इकडून तिकडं सावकाश फिरवते, एक हात वर धरते आणि तोंडानं 'टक्' करते. विचारलं तर उत्तर देत नाही. भावजय कुणाला तरी दाखवून आणायच्या विचारात होती.

हौसा मावशीनं तिला चहा दिला आणि धीर दिला. "काय न्हाई गं. पिंट्याची शिकवनी लावलीया तिनं."

*

चैत्र लागला. यात्रा दोन-तीन दिवसांवर आली आणि पूनमचे वडील मारुतीराव मेढ्याहून साताऱ्याला, साताऱ्याहून सांगलीला असे एसटी बदलत आले. शोभाचं सामान भावाच्या घरी बांधून तयार होतं. शाळेत ते फक्त पूनमला न्यायला आले होते. डोक्यावर पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा. बाकावर टेकले ते बुटांकडं बघत. दुपारची गाडी आहे, एवढंच म्हणाले.

कांबळे सरांनी विनंती केली, एकदा बघून तर जा. मारुतीराव म्हणाले, "दावा."

आणि नेमकी त्या दिवशी बॅटरी भरायला गेलेली.

पूनम नेहमीसारखी पिंट्याच्या मागं गेली. टक्. डोळ्यांतले दिवे लागले, मान फिरली, हात उचलला. "पूनम, जे..." आणि वीज गेली.

पूनमनं पुन्हा खटका दाबला. पुन्हा. टक्, टक्, टक्. पिंट्याचा हात छातीपाशी अडकलेला, डोळे विझलेले. पूनम झुलायला लागली, मग कानांवर हात घट्ट धरले आणि तोंडातून तो बारीक आवाज सुरू झाला, ज्यानंतर तिला सावरण्यात आमची अख्खी दुपार जायची. सर वायरींशी झटत होते. मी उठले. मारुतीरावही उठले.

"झालं न्हवं," ते शोभाला म्हणाले. "चल आता. गाडी चुकंल."

शोभा त्यांच्याकडं गेली नाही. पूनमलाही धरायला गेली नाही. ती जाऊन पिंट्याच्या शेजारी उभी राहिली. ताठ. उजवा हात छातीपाशी, बरोब्बर पिंट्याचा होता तिथं. चेहऱ्यावर काही नाही. सावकाश मान वळवली.

"टक्," ती म्हणाली. "पूनम, जेवलीस का?"

पिंट्याचाच सूर. ना वर, ना खाली.

बारीक आवाज थांबला. पूनमचे हात कानांवरून जरा सुटले. तिनं पिंट्याकडं बघितलं. मग त्याच्या शेजारी बघितलं. मग वर. शोभाच्या तोंडाकडं.

मावशीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

पूनम आईच्या मागं गेली. तिनं पदर बाजूला केला, पाठीवर हात फिरवत खटका शोधला आणि पिंट्याचा असतो त्या जागी बोट दाबलं.

शोभानं हात खाली घेतला, डोळे मिटले. बंद.

पुन्हा बोट दाबलं.

"टक्. पूनम, जेवलीस का?"

बंद. चालू. बंद. चालू. मग पूनम वळसा घालून पुढं आली आणि पायांच्या चवड्यांवर उभी राहून आईच्या डोळ्यांतले दिवे लागलेत का ते बघायला लागली. शोभाच्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं होतं. चेहरा मात्र तिनं हलू दिला नाही. पूनम त्या पाण्याकडं बघत राहिली. फ्रॉकचं टोक उचललं आणि ते पुसून टाकलं. सगळं जाईपर्यंत पुसलं.

मग परत मागं गेली.

बराच वेळ खोलीत तेवढाच आवाज होता. शेवटी हौसा मावशीला राहवलं नाही. "आवं पावनं," ती मारुतीरावांना हळू आवाजात म्हणाली, "गाडीची येळ झाली."

मारुतीरावांनी डोक्यावरची टोपी काढून खिशात ठेवली. पिंट्याच्या दुसऱ्या बाजूला गेले, एक हात छातीपाशी धरला, आणि पूनमकडं पाठ करून गुडघ्यांवर बसले, तिचा हात पोचेल इतके खाली.